कार्ल्याचे लाकूड आणि 'ब्रुटलिस्ट' संकेतस्थळे

परंदवडीहून जुन्या पुणे-मुंबई मार्गाने लोणावळ्याकडे निघाले की मळवलीजवळ रस्त्याच्या एका बाजूस भाजे व दुसऱ्या बाजूस कार्ले आहे. संकेतस्थळांच्या रचनेतील 'ब्रुटलिझम'चे गोडवे गाणाऱ्यांनी ही दोन्ही लेणी एकदा नीट पाहावीत.

त्यांचा सिद्धान्त असा की, माध्यम जसे आहे तसेच दिसावे. करडी पार्श्वभूमी, निळे अधोरेखित दुवे, उघड्या चौकटी. सजावट नको, नक्कल तर नकोच. हे नाव स्थापत्यातून उचललेले. क्रौर्याशी त्याचा संबंध नाही (हा गैरसमज फार पसरला आहे). फ्रेंच 'बेताँ ब्रूत' म्हणजे साच्यातून निघाले तसे, गिलावा न केलेले काँक्रीट. रेनर बॅनहॅम यांनी १९५५ च्या निबंधात सामग्री 'आहे तशी' वापरणे हे या शैलीचे एक लक्षण मानले.

आता भाजे पाहा. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. दगडाला कलण्याची गरजच नव्हती, छत तर डोंगर स्वतःच पेलतो. कलतात ते लाकडी इमारतीचे खांब, छताचा रेटा सोसण्यासाठी. कार्ल्यात तर अखंड कातळाच्या छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत. त्या काहीही पेलत नाहीत, तरी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. वरील सिद्धान्ताने हे कारागीर अप्रामाणिक ठरतात. तसे म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्यांनी असा कातळ कोरला, त्यांना दगड कळत नव्हता असे थोडेच आहे! नवे माध्यम जुन्याची भाषा बोलूनच लोकांच्या ओळखीचे होते.

शिवाय नक्कल टाळल्याचा दावाही पोकळ आहे. पास्काल देव्हिल यांनी २०१४ मध्ये अशा स्थळांचे संकलन सुरू केले आणि पुढे त्याची फॅशन झाली. आजची कित्येक 'ओबडधोबड' पाने १९९० च्या दशकातील पानाचे सोंग घेतात आणि आतून जड स्क्रिप्ट चालवतात. कार्ल्याची कमान निदान खऱ्या लाकडाची तरी आहे.

आणि ते 'मूळ' पान होते तरी कोणाचे? त्या काळात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी त्या त्या वृत्तपत्राचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती सहज उमटू लागायला आणखी बरीच वर्षे गेली.