फुकट शिक्षणाची रांग

स्कॉटलंडमध्ये डिग्री फुकट मिळते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्या फुकटाला रांग आहे आणि त्या रांगेत काही मुलांचा नंबर लागतच नाही, हे फारसं कोणी सांगत नाही. या वीकेंडला त्याबद्दल थोडं.

आधी सिस्टीम समजून घेऊ. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलाची पहिल्या डिग्रीची फी सरकार भरतं. वर्षाला १,८२० पौंड परस्पर विद्यापीठाकडे जातात, शिवाय अनुदान वेगळं. पण सरकारचा खिसा काही अथांग नाही. त्यामुळे किती स्कॉटिश मुलांचे पैसे मिळणार, हा आकडा प्रत्येक विद्यापीठाला स्कॉटिश फंडिंग कौन्सिल ठरवून देते. हीच ती कॅप. (आपला कॅप राउंड वेगळा, पण छातीतली धडधड तीच!)

इंग्लंडमधून आलेली किंवा आपल्या पुण्या-मुंबईहून गेलेली मुलं या कॅपमध्ये मोजलीच जात नाहीत. ती स्वतःची फी भरतात, त्यांचं दार वेगळं. म्हणजे 'बाहेरच्यांनी आमच्या सीट खाल्ल्या' हा नेहमीचा राग इथे चुकीच्या पत्त्यावर जातो. उलट त्यांच्या फीवरच विद्यापीठांचा बराचसा गाडा चालतो.

आता दुसरा भाग. २०१६ साली तिथल्या एका आयोगाने लक्ष्य ठरवून दिलं: २०३० पर्यंत विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांपैकी २० टक्के मुलं सगळ्यात मागास २० टक्के वस्त्यांमधली हवीत. सरकारने ते मान्य केलं. अशा वस्तीतल्या, अनाथालयात किंवा पालक-कुटुंबात वाढलेल्या, किंवा जिथून फार कोणी विद्यापीठात जात नाही अशा शाळेतल्या मुलांच्या अर्जावर एक खूण लागते. तिला 'कॉन्टेक्स्चुअल' म्हणतात. खूण असेल तर थोड्या कमी ग्रेडवर ऑफर मिळते, काही ठिकाणी तर किमान अट पूर्ण केली की ऑफर नक्की.

माझं मत विचाराल तर हे बरोबरच आहे. शिकवणी नाही, घरात टेबल नाही, शाळेत धड शिक्षक टिकत नाहीत, अशा ठिकाणी मिळवलेला 'बी' हा चांगल्या घरातल्या 'ए'पेक्षा कमी कसा? तालुक्याच्या शाळेतून आलेले माझे हॉस्टेलमेट आठवले की या मुद्द्यावर मला वाद घालावासाच वाटत नाही.

प्रॉब्लेम आहे गणिताचा. समजा एका कोर्सला १०० फुकट जागा आहेत. खूण असलेली ६० पात्र मुलं आधी घेतली, उरल्या ४०. त्यासाठी बाकीचे ४०० अर्ज, म्हणजे दहात एकाचा नंबर. पुढच्या वर्षी खूण असलेली पात्र मुलं ८० झाली (हे तर यशच!), तर उरल्या २० आणि चान्स विसात एक. या ४०० जणांचे मार्क जराही घसरलेले नाहीत, तरी चान्स निम्मा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात आपण सगळ्यांनी 'स्टार्व्हेशन'वर टीप लिहिलीये ना? हे तेच. हाय प्रायॉरिटीची कामं येत राहिली आणि प्रोसेसर वाढवला नाही, तर खालची प्रोसेस नुसती ताटकळते.

हे कागदावरचं नाही. २०२२ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या लॉच्या कोर्सला खूण नसलेल्या एकाही स्कॉटिश अर्जदाराला ऑफर गेली नाही, अशा बातम्या तिकडे गाजल्या होत्या. अर्थात सगळीकडे असं नाही. २०१९-२० मध्ये मागास वस्त्यांमधल्या मुलांचं प्रमाण १६.४ टक्के होतं, म्हणजे देशभरात बहुतेक जागा अजूनही बाकीच्यांनाच मिळतात. पण ज्या कोर्सला उड्या पडतात, तिथे दार जवळजवळ बंद.

आमच्या प्रोजेक्टवर ग्लासगोचा एक टेस्टर आहे. बायको नर्स. मुलीला 'हायर्स'मध्ये पाच 'ए'. मनातल्या कोर्सला नकार आला, कारण काहीच दिलं नाही. शेवटी ती इंग्लंडमध्ये गेली, २०२५-२६ ची ९,५३५ पौंड फी कर्ज काढून. तो एवढंच म्हणाला, "आमचा पोस्टकोड चुकला."

त्या पोस्टकोडचीही गंमत आहे. २०२० मध्ये स्कॉटलंडचे ६,९७६ छोटे तुकडे धरून उत्पन्न, नोकरी, आरोग्य, शिक्षण, घरं, सोयी आणि गुन्हे यांवरून त्यांचा क्रम लावला होता. मोजला जातो तो तुकडा, घर नाही. बरा कमावणारा माणूस मागास तुकड्यात राहत असेल तर त्याच्या मुलाला खूण, आणि एक गल्ली पलीकडे भाड्याने राहणाऱ्या बसड्रायव्हरच्या मुलाला काही नाही. २०२० च्या क्रमवारीत तर ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या बेटांवर एकही तुकडा तळच्या २० टक्क्यांत नव्हता. आता तिथे गरीब कोणीच नाही असं थोडंच आहे? घरं विखुरलेली, म्हणून गरिबीही विखुरलेली.

खऱ्या श्रीमंताचं यात फार बिघडत नाही. तो पोराला इंग्लंडला नाहीतर अमेरिकेला पाठवतो. भरडला जातो तो मधला, ज्याच्याकडे खूणही नाही आणि पैसाही नाही.

मग करायचं काय? खूण काढून टाका, हे उत्तर नक्कीच नाही. माझ्या मते दोन गोष्टी हव्यात. एक, खूण घराची परिस्थिती बघून लावा. शाळेत मोफत जेवण मिळणारी मुलं धरावीत, ही सूचना तिथे बरीच वर्षं चर्चेत आहे. दोन, खूण असलेली मुलं वाढतील तशा त्या कोर्सच्या फुकट जागाही वाढवा. ते परवडत नसेल तर कोणत्या कोर्सला बाकीच्यांसाठी किती जागा उरतात, हे अर्ज भरण्याआधी स्पष्ट सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला यूकासच्या फॉर्मवर पाचच पर्याय मिळतात. त्यातला एक जवळजवळ बंद आहे, हे तिला आधी कळायला नको?

नाहीतर होतं काय, की नकार मिळालेला मुलगा शेजारच्या वस्तीतल्या मुलाकडे रागाने बघतो, आणि जागांचा आकडा ठरवणारा तिसराच कोणीतरी आरामात फुकट शिक्षणाचं श्रेय घेतो. हे वाक्य लिहिताना मला स्कॉटलंडच डोळ्यांसमोर होतं, पण तुम्हाला आणखी कुठलं आठवलं असेल तर त्याला माझा इलाज नाही. असो.