पळाली नाही, हाकलली

‘समुपदेशक टिकत नाहीत हो, मनानं कच्च्या असतात.’ साहेब पंख्याखाली बसून बोलला. मी दाराशी भावाला धरून उभा.

मित्रांनो, कच्चं कोण ते बघूया.

घिवलीत माझा थोरला भाऊ तीन वर्षं भिंतीशी बोलतोय. मी गोदीत ओझी उचलतो, तो डोक्यात उचलतो. खाडा करून त्याला दवाखान्यात न्यायचो. सहाव्या खेपेला तो तिथल्या ताईपाशी पहिल्यांदा बोलला. सातव्या खेपेला ताई नाही. नवी बाई म्हणाली, पहिल्यापासून सांगा. भावानं चपला घातल्या नि निघाला. वर्षात तिघी बदलल्या. भिंत तेवढी जागेवर राहिली.

पहिली ताई पुढे डहाणू लोकलमध्ये भेटली. का सोडलंत? म्हणाली, ‘दादा, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार तीन महिने थकलेला. दिवसाला चाळीस माणसं. कुणी जीव द्यायचं म्हणतं, नि दहा मिनिटांत त्याला उठवायचं, बाहेर रांग म्हणून. रात्री ती सगळी माझ्या उशाशी येऊन बसतात. मी कुणाला सांगू?’

गोदीतल्या क्रेनवर आकडा रंगवलेला असतो : इतक्या टनांवर उचलायचं नाही. लोखंडाची एवढी कदर! मग माणसांचं दुःख उचलणाऱ्या बाईवर आकडा कुणी रंगवला? क्रेन मोडली तर चौकशी बसते. बाई मोडली तर ती कच्ची!

2019 साली जागतिक आरोग्य संघटनेनंच लिहिलं, ही करपणूक म्हणजे आजार नव्हे. कामावरचा ताण वेळीच न आवरल्याचा तो परिणाम. म्हणजे दुखणं बाईत नाही, नोकरीत आहे. त्यावर हे ध्यानाचं शिबीर घेतात. पगार थकलेल्या माणसाला म्हणे श्वासावर लक्ष द्या!

आणि शब्दांची वर्णव्यवस्था बघा. डॉक्टर सोडून गेला तर तो ‘थकला’. वॉर्डातला मामा, मावशी गेली तर ‘कामचुकार’. रुग्णाचे फटके खाऊन त्यालाच आंघोळ घालणारे, त्याची घाण काढणारे हे मामा-मावशी कुठल्या वस्तीतून येतात, ते मी सांगायला हवं काय?

2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. उपचार हा हक्क, असं त्यात लिहिलंय. हक्क कायमचा, नि तो हातात देणारा माणूस अकरा महिन्यांचा! ही कसली थट्टा? ताई जाते तेव्हा नुसती नोकरी रिकामी होत नाही. आमच्या माणसानं मोठ्या कष्टानं उघडलेलं तोंड पुन्हा मिटतं.

म्हणून यापुढे कुणी म्हणालं ‘टिकत नाहीत’, तर तिथंच विचारा : ऑर्डर किती महिन्यांची? पगार कधी झाला? दिवसाला माणसं किती? ऐकणारीचं ऐकायला कोण ठेवलंय?

उत्तर मिळेस्तोवर दारातनं हलू नका.