जर्मनचं पातेलं आणि आमची हीट पाइप

हदगावला आमच्या घरी जर्मनच्या पातेल्यात आंबट काही ठेवलं की आईची बोलणी ठरलेली. "अरे, काळं पडतंय ना ते, स्टीलच्यात काढ." पाणी तापवायचं पातेलं मात्र वर्षानुवर्षं चुलीवर चढतंय, त्याला काही होत नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टला ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी भरून हीट पाइप करायचं ठरलं, तेव्हा डोक्यात हेच पातेलं होतं. शिवाय तांबं महाग!

व्हायव्हाच्या दिवशी नळी झकास चालली. मार्कही मिळाले. तीन आठवड्यांनी सहज लावून पाहिली तर वरचं टोक थंडगार. गळती म्हणावी तर तशीच बंद केलेली तांब्याची नळी आजही चालू आहे.

हीट पाइप म्हणजे हवा काढून बंद केलेली नळी. आतला द्रव गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होऊन वातीतून परत येतो. पंप नाही, मोटार नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती करून दाखवली. लॅपटॉपमध्ये असते ती हीच, पण तांब्याची.

ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर त्याला सांभाळतो हे खरं. तरी गरम पाणी थोडं थोडं ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. पातेल्यातून तो उडून जातो. बंद नळीतून कुठे जाणार? वाफेसारखा तो थंड होऊन पाणी होत नाही. वाफ त्याला थंड टोकाकडे ढकलते आणि तो तिथेच ठाण मांडून बसतो.

हिशेब करून बघा. आमची नळी ३० सेंमी लांब, आतून १० मिमी, म्हणजे आतली जागा सुमारे २४ मिली. फक्त २ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम गेलं तरी साधारण अडीच मिली हायड्रोजन होतो. ६० अंशाला नळीतला दाब वातावरणाच्या एक पंचमांश, म्हणून तोच वायू पसरून १२ मिलीच्या वर जातो. निम्मी नळी गेली की हो! आणि २ मिलिग्रॅम आपल्या वर्कशॉपच्या काट्यावर दिसणारसुद्धा नाही.

ॲल्युमिनियम वाईट असं कुणी समजू नये. इस्रोच्या उपग्रहांत ॲल्युमिनियमच्याच हीट पाइप असतात, पण आत अमोनिया. ॲसिटोनही चालतं, फक्त ज्वाला जवळ नको. पाण्यात रसायनं घालून थर टिकवण्याचे प्रयोगही झालेत, ते आपल्या चार महिन्यांच्या प्रोजेक्टचं काम नव्हे.

माझी तक्रार नळीबद्दल नाहीच. आपल्याकडे रिडिंग एकाच दिवशी घेतात, रिपोर्ट बांधतात, आणि पुढच्या बॅचची पोरं तोच रिपोर्ट उतरवतात. आमचाही लायब्ररीत आहे, "समाधानकारक" असा शेरा असलेला. सर, पहिल्या दिवसाच्या ग्राफशेजारी तिसाव्या दिवसाचा ग्राफ मागा. नसेल तर सही करू नका. आमच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तो ग्राफ मी परवा चिकटवून आलोय.