पंप नवा की रिकंडिशन? हंगामाच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टर-पिकअपवाल्यांचा हिशेब

गाळप हंगाम जवळ आला की नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर आणि जुन्या पिकअप रांगेत दिसायला लागतात. तक्रार बहुतेक एकच. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, लोड आला की गाडी उचलत नाही, मागून काळा धूर. मिस्त्री बोनेट उघडतो, दोन मिनिटं आवाज ऐकतो आणि सांगतो, "मालक, पंप गेलाय."

एवढं ऐकलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. टोळीला उचल देऊन झालेली असते, बँकेचा हप्ता चालू असतो. ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर टोळी बसून राहते. मग घाईत निर्णय होतो, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

पंपाचं काम किती नाजूक?

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबानं तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटतं. हा फवारा योग्य वेळी, योग्य मापात पाठवायचं काम इंजेक्शन पंपाचं. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरला मिनिटात 1000 वेळा डिझेल द्यावं लागतं. पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला एलिमेंट म्हणतात, यांच्यात फट असते ती दोन-चार मायक्रॉनची. आपला केस त्यापेक्षा कितीतरी जाड असतो. अशा ठिकाणी पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

आपल्याकडे या पंपाला आजही 'मायको पंप' म्हणतात. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं ते नाव. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण गॅरेजमध्ये मायको तो मायकोच.

दोष नव्या डिझेलचा का?

"बीएस-6 डिझेल आल्यापासून पंप टिकत नाहीत," असं पारावर सर्रास ऐकायला मिळतं. यात अर्धंच सत्य आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणा कमी होतो, हे खरं. पण तो भरून काढायला त्यात रसायन मिसळतात आणि वंगणपणाची मर्यादा मानकातच ठरलेली आहे. तेव्हा सगळा दोष नव्या डिझेलवर ढकलून चालणार नाही.

आधी आपल्या घरचं बघा. पावसाळाभर बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल, झाकण नसलेला कॅन, दोन-दोन हंगाम न बदललेला फिल्टर, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं भेसळीचं डिझेल. पंप इथंच मरतो. त्यातही रोटरी पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी किंवा रॉकेल आलं तर तो आतून घासलाच म्हणून समजा.

उतरवण्याआधी हे बघा

पंप उतरवायला सांगण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासून घ्या. फिल्टर चोंदलाय का? लाइन कुठं एअर घेते का? फीड पंप नीट डिझेल ओढतो का? टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का? नोझल फवारा मारतं की नुसती धार सोडतं? काळ्या धुराचं कारण तर चोंदलेला एअर फिल्टरही असू शकतो. आणि लायनर-रिंग झिजून कॉम्प्रेशन गेलं असेल तर नवा पंप टाकूनही गाडी सकाळी त्रासच देणार.

रोटरी पंपाची एक जुनी परीक्षा आहे. गाडी थंडीत चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा लागत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून तो गार करायचा. मग गाडी लागली, तर हेड-रोटर झिजलाय असं समजायला जागा आहे. गरम, पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या फटीतून निसटतं, म्हणून असं होतं.

रिकंडिशन म्हणजे नक्की काय?

खरी गोम इथं आहे. नुसते सील-वॉशर बदलून, पंप धुऊन, रंग मारून दिला तरी बिलावर 'रिकंडिशन' लिहिता येतं. खऱ्या कामात एलिमेंट किंवा हेड-रोटर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, गव्हर्नरचे झिजलेले भाग बदलतात आणि पंप टेस्ट बेंचवर चढवतात. प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते मोजून कंपनीच्या तक्त्याप्रमाणे जुळवतात. बेंचवर न चढवलेला पंप म्हणजे काट्यावर न घातलेला ऊस.

दुसरा धोका बदली पंपाचा. "तुमचा ठेवा, हा तयार घेऊन जा," म्हणतात. वेळ वाचतो, पण पंपाच्या पट्टीवरचा नंबर आपल्या इंजिनाचा आहे का, हे बघितल्याशिवाय घेऊ नका. दिसायला सारखा पंप दुसऱ्या इंजिनाचा असेल तर माप चुकतं.

तिसरी गोष्ट, "थोडं डिझेल वाढवून द्या, ओढली पाहिजे." स्क्रू वाढवला की चार दिवस बरं वाटतं. मग अॅव्हरेज पडतं, इंजिन तापतं, पिस्टनवर येतं. पीयूसीलाही गाडी अडते. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल वाहनांना धुराची मर्यादा 65 एचएसयू आहे, बीएस-4 आणि पुढच्यांना 50.

मग नवा कधी घ्यावा? पंपाची बॉडी तडकली असेल, कॅमशाफ्टची बैठक गेली असेल किंवा भागच मिळत नसतील तेव्हा. बाकी वेळी नीट केलेलं रिकंडिशन काम भागवतं, आणि नव्या पंपाच्या मानानं खर्चही बराच कमी येतो.

सरकारचं लक्ष नव्याकडंच

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. ट्रॅक्टरचे काही ठराविक भागही 5 टक्क्यांत आले. पण वाहनांच्या सुट्या भागांवर दर कमी होऊनही 18 टक्के राहिला. जुनी गाडी भंगारात दिली तर नव्या मालवाहू गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत आणि खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्रानं केली. नवं घेणाऱ्याला सवलत आहे. जुनंच नीट करून वापरणाऱ्याला काय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. त्यात शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. हा हक्क गावापर्यंत यायचा असेल तर पंपाचे कॅलिब्रेशन तक्ते लहान गॅरेजवाल्यालाही मिळाले पाहिजेत. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा ट्रेड आहेच. तालुक्याच्या आयटीआयला एक टेस्ट बेंच दिला तर पोरांना हुन्नर मिळेल आणि पंप घेऊन नगरच्या चकरा मारणंही वाचेल. आपल्या लोकप्रतिनिधींनी एवढं तरी मागावं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर पंप टाकताना तीन गोष्टी मागून घ्या: बदललेले जुने भाग, बेंचवरच्या मापाचा कागद आणि गॅरंटी लिहिलेलं बिल. जो मिस्त्री हे तिन्ही न कुरकुरता देतो, त्याच्याकडंच पंप टाका.