वाळवंटात जाताय? पाणी तोडू नका!

सोयाबीन घरात आले, दिवाळी आटोपली, की आपल्या दुसरबीड भागातही राजस्थानच्या सहलीचे बेत सुरू होतात. परवा एक गृहस्थ निघण्यापूर्वी रक्तदाब तपासायला आले. स्वेटर, कानटोपी, चिवडा, सारी तयारी झालेली. जाता जाता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस लघवीची गोळी बंद ठेवतो, पाणीही कमीच पितो. सारखी गाडी कोण थांबवणार?"

हा हिशेब महागात पडतो. थंडीत तहान जाणवत नाही. पण कोरडी हवा श्वासातून, त्वचेतून अंगातले पाणी ओढतच असते. पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीला जळजळ होते. मनाने गोळी सोडली तर रक्तदाब चढतो, प्रसंगी अर्धांगवायूही होतो. जैसलमेर ते तनोट सुमारे १२० किलोमीटर. वाटेत रामगढ सोडले तर वस्ती तुरळक. तिथे डॉक्टर कुठे शोधणार?

म्हणून गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाणही विचारून घ्यावे. औषधे चार दिवस जास्तीची घ्या आणि टपावरच्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवा. गाडीत पाण्याचे भरलेले कॅन असू द्या.

आणि दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे ड्रायव्हरला निघतानाच बजावा. घरातल्या बायका संकोचाने बोलत नाहीत, नुसत्या पाणी पिणे सोडतात. त्यांच्यासाठी तरी थांबा.