ड्रोन आणि शेजाऱ्याची गच्ची

२०२४ च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पुढाऱ्याच्या घराची दखल घेतली गेली. सामान्यांच्या गच्चीची कोण घेणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२१ च्या ड्रोन नियमांत नोंदणी आहे, उंचीची मर्यादा आहे; खालच्या घरमालकाच्या संमतीची अट मात्र नाही. लग्नाला, कारखान्याच्या पाहणीला ड्रोन आम्हा व्यापाऱ्यांनाही लागतो. म्हणून एमआयडीसीतील बांधवांना आमची विनंती आहे : ड्रोन भाड्याने ठरवताना शेजाऱ्यांना आधी कळवावे, चित्रण आपल्याच हद्दीचे घ्यावे, ही अट पावतीवर लिहून घ्यावी. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शेजारच्या लेकीबाळींची अब्रू राखणे आपल्याच हाती आहे.