सरहद्द आणि हंडा

ता. ७ मे २०२४ रोजीं बारामती लोकसभा मतदारसंघांत मतदान झालें. भोर आणि वेल्हें (ज्याला सरकारनें आतां राजगड असें नांव दिलें आहे) हे दोन्ही तालुके त्याच मतदारसंघांत मोडतात. मतदानाच्या आदल्या आठवड्यांत आमच्या गांवच्या पारावर मंडळी बसली होती. पलटणींतून सुभेदार होऊन परतलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मी बाबा सरहद्दीकडं बघून मत देणार. देश राहिला तर गांव राहील." टँकरपासून अर्धा हंडा भरून परतणारी एक बाई तेवढ्यांत थबकली. ती म्हणाली, "आबा, सरहद्दीचं तुम्ही बघा. माझ्या हंड्याचं कोण बघणार, तेवढं गुरुजींना विचारून सांगा." पारावर हशा पिकला. आम्हीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. त्या बाईचें उत्तर आमच्या अंगावर राहिलें आहे.

आम्ही पेशानें शाळामास्तर. निवडणूक आली म्हणजे मतदाराच्या बोटाला शाई लावण्याचें काम सरकार आमच्याकडून करून घेतें. अमक्याला मत द्या असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं आणि तशी हौसही नाहीं. पण तराजू कसा धरावा, पासंग कोठें लपलेला असतो, हें शिकविणें मास्तराच्या कामांत येतें.

या बाबतींत दोन प्रकारचे शहाणे आम्हीं पाहिले. पहिला शहाणा शहरांतला. त्याचें म्हणणें असें कीं, खेड्यांतला मनुष्य गटार, रस्ता आणि जात एवढेंच पाहून मत देतो. चीन काय करतो, अमेरिका काय म्हणते, हें त्याला कळत नाहीं, म्हणून त्यानें त्यांत पडूं नये. दुसरा शहाणा व्यासपीठावरचा. तो सरहद्दीचा नगारा एवढ्या जोरानें वाजवितो कीं धरणाच्या पाण्याबद्दल विचारायला उठलेल्या माणसाचा आवाजच ऐकूं येऊं नये. आणि त्यानेंही तोंड उघडलेंच तर त्याला देशद्रोही ठरवायला हा तयार! हे दोघे एकमेकांस पाण्यांत पाहतात. परंतु रयतेनें हिशेब मागूं नये, याविषयीं दोघांचें एकमत आहे.

ज्या राजगडाच्या सावलींत आमचीं घरें आहेत त्या गडाच्या धन्याला हा भेद ठाऊक नव्हता. सन १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळ प्रांताच्या सरसुभेदाराला पत्र पाठविलें. फिरंग्यांच्या ताब्यांतील बारदेशांतून स्वस्त मीठ येत होतें व त्यामुळें संगमेश्वराकडील आपलें मीठ पडून राहत होतें. बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे तें महाग पडेल व आपलें मीठ खपेल, असा त्या पत्राचा आशय आहे. आतां हें परराष्ट्र धोरण म्हणावें कीं मिठागरांत घाम गाळणाऱ्या आगऱ्याच्या पोटाचा प्रश्न? फिरंग्यांशीं कसें वागावें हें ठरवितांना राजाच्या डोळ्यांसमोर मिठाची रास होती, एवढें खरें.

त्यानंतर आमच्या वाट्याला मुकेपणा आला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे भोर संस्थानचे पांच तालुके. बाहेरच्या राज्यांशीं संबंध ठेवण्याची मुभा खुद्द संस्थानिकालाच नव्हती. तो अधिकार इंग्रजांच्या हातीं. मग रयतेचें मत कोण विचारतो? १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत दिल्लीच्या सभागृहासाठीं मत देण्याचा अधिकार नांगर धरणाऱ्याला व धुणीं धुणारीला सारखाच मिळाला. त्या मतांत युद्ध, तह आणि परदेशचा व्यापार हीं सर्व आलीं. ज्याला आज "तुला त्यांतलें काय कळतें" असें म्हटलें जातें, त्याच्याकडेच घटनेनें ही किल्ली सोंपविली आहे, हें विसरूं नये.

किल्ली हातीं आली म्हणून कुलूप नीट उघडतेंच असें मात्र नाहीं. ता. १२ जुलै १९६१ रोजीं आमच्या वेल्ह्याचें पानशेत धरण फुटलें व पुणें शहर पाण्याखालीं गेलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या फौजेनें गोवा मुक्त केला. दोन महिन्यांनीं, फेब्रुवारी १९६२ मध्यें, सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर मुंबईंत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे होते. चीनच्या बाजूची सरहद्द उघडी पडली आहे, हा कृपलानींचा आरोप. मेनन यांच्या पाठीशीं पंडित नेहरू आणि गोव्याचा ताजा विजय. मेनन जवळजवळ दीड लाख मतांनीं निवडून आले. ऑक्टोबरांत चीननें हल्ला केला, आणि नोव्हेंबर उजाडल्यावर मेनन मंत्रिमंडळांतून बाहेर पडले. आमच्या यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून दिल्लीला संरक्षण खातें सांभाळायला जावें लागलें. पराभवाचें सगळें खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडणें न्याय्य नव्हे. पण मतदारांनीं परराष्ट्र धोरणावर मत दिलें ही त्यांची चूक नव्हती. त्यांनीं नुकत्याच झालेल्या जयघोषावर मत दिलें आणि उत्तरेच्या बर्फांत बसलेल्या शिपायाच्या अंगावर गरम कपडे आहेत कीं नाहींत हें विचारायचें राहून गेलें, ही चूक होती. २०१९ सालीं फेब्रुवारींत पुलवामा व बालाकोट झालें आणि एप्रिलांत आम्ही पुन्हां रांगेंत उभे राहिलों. त्या वेळीं किती जणांनीं असा प्रश्न विचारला, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

तराजू नीट धरतां येतो याचाही दाखला आपल्याच राज्यांत आहे. १९९९ च्या मे ते जुलै या महिन्यांत कारगिलचें युद्ध झालें. सप्टेंबरांत महाराष्ट्रानें लोकसभा व विधानसभा या दोहोंसाठीं एकाच वेळीं मत दिलें. लोकसभेच्या ४८ जागांपैकीं २८ शिवसेना-भाजप युतीला मिळाल्या. विधानसभेंत त्याच युतीला २८८ पैकीं १२५ च मिळाल्या व राज्यांतली सत्ता गेली. दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्यामुळें हें गणित सरळ नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीही दिल्लीच्या कागदावर एक आणि मुंबईच्या कागदावर दुसरें, असा विचार करणारे मतदार त्या दिवशीं थोडेथोडके नव्हते. पुढाऱ्यांचा तराजू मात्र मौजेचा! नेत्याचा जन्म परदेशांतला हा मुद्दा घेऊन जूनमध्यें वेगळा पक्ष निघाला आणि ऑक्टोबरांत मुंबईंत दोघांनीं एकाच पंगतींत पान मांडलें.

आतां आमच्या शिवाराकडे येऊं. ता. २० जुलै २०२३ रोजीं, आमच्याकडे भाताची लावणी चालू असतां, केंद्र सरकारनें बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी व आंबेमोहोर पुण्याच्या पेठेंत खपतो, बोटींत क्वचितच चढतो. पण तांदळाचा बाजार शेवटीं एकमेकांना बांधलेला असतो. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्यें बंद झाली आणि ती ४ मे २०२४ रोजीं, म्हणजे आमच्या मतदानाला तीन दिवस उरले असतां, शंभरास चाळीस जकात ठेवून खुली झाली. परदेशचें राजकारण खेड्यापर्यंत पोंचत नाहीं असें म्हणणाऱ्यानें खालच्या तालुक्यांतल्या कांदेवाल्याला विचारावें. तसेंच खताचें. पोटॅश सगळें बाहेरून येतें. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां खतांचे भाव भडकले व त्या वर्षीं सरकारला खतांच्या अनुदानापायीं अडीच लाख कोटी रुपयांच्या घरांत खर्च सोसावा लागला. चुलीवरच्या गॅसचा मोठा भागही आखातांतून येतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. निर्यातबंदीनें ज्याच्या घरीं विकायला भात आहे त्याचें नुकसान होतें; पण ज्या कातकरी बांधवाला तांदूळ विकतच घ्यावा लागतो त्याला उतरलेला भाव बरा वाटतो. गांव म्हणजे एकच पोट नव्हे. म्हणून "शेतकऱ्याच्या हिताचें परराष्ट्र धोरण" असें कोणी म्हणाला कीं, कोणत्या शेतकऱ्याच्या, हें आधीं विचारावें.

सुभेदार आबांचें म्हणणेंही आम्ही उडवून लावीत नाहीं. मावळांतलीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या फौजेंत आहेत; सरहद्द त्यांच्या घरची आहे. पण मग प्रश्नही घरचेच विचारावे. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, आणि त्यांतून शेंकडा पंचवीसपर्यंत मुलें कायम. उरलेल्यांनीं पुढें काय करायचें, हा सरहद्दीचा प्रश्न कीं घरचा? दिल्लीला जाऊं इच्छिणाऱ्या उमेदवारानें त्यावर चार वाक्यें बोलावीं. जयघोष आम्हांलाही येतो.

घटनेच्या सातव्या अनुसूचींत कामें वांटून दिलेलीं आहेत. परराष्ट्र व्यवहार, तह, युद्ध, परदेशाशीं व्यापार हीं केंद्राचीं. पाणी, शेती, आरोग्य, गांवचा कारभार हीं राज्याचीं. परदेशाशीं तह करतांना सरकारला आधीं लोकसभेची संमति घ्यावीच लागते असा आपल्याकडे नियम नाहीं. म्हणून ज्याला आपण तेथें पाठवितों त्यानें प्रश्न विचारणें आणि आपण त्याला प्रश्न विचारणें याला अधिक मोल आहे. मे २०२५ मध्यें ऑपरेशन सिंदूर झाल्यावर भारताची बाजू मांडण्यासाठीं सर्वपक्षीय मंडळें परदेशीं गेलीं. त्यांतील इजिप्त, कतार, इथिओपिया व दक्षिण आफ्रिका येथें गेलेल्या मंडळाच्या प्रमुख आमच्याच मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे होत्या. त्या तेथें काय बोलल्या हें वर्तमानपत्रांत आलें. पण तेथें आमचें काय सांगितलें आणि तेथून आमच्यासाठीं काय ऐकून आलां, असें भोरच्या बाजारांत उभें राहून विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. ज्याला मत दिलें त्यालाही, ज्याला दिलें नाहीं त्यालाही.

उलट, जो उमेदवार विधानसभेला किंवा जिल्हा परिषदेला उभा राहून पाकिस्तानावर तासभर बोलतो, त्याला खुशाल थांबवावें. भाटघरचें धरण भोरच्या उशाशीं. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडे जातें. पानशेत व वरसगांव हीं वेल्ह्याचीं धरणें पुण्याची तहान भागवितात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्यासाठींच जन्मली असावी. या पाण्याचा वांटा इस्लामाबादेंत ठरत नाहीं. घरोघर नळ देण्याच्या २०१९ च्या योजनेंत दिल्लीचा निम्मा पैसा आहे, तेव्हां तेवढ्यापुरता हिशेब खासदाराकडेही मागावा; पण पाईप कोठवर आला आणि त्यांत पाणी आहे कीं वारा, याचा जाब मुंबईच्या आणि जिल्ह्याच्या माणसाला द्यावा लागेल.

नोव्हेंबर २०२४ मध्यें विधानसभेचें मतदान होतें. आदल्या दिवशीं आम्ही मतदानयंत्रें ताब्यांत घेण्यासाठीं निघालों असतां ती बाई खळ्यावर भात झोडीत होती. तिनें तेथूनच हांक मारून विचारलें, "गुरुजी, उद्याचं मत दिल्लीचं कीं मुंबईचं?"

आम्ही म्हणालों, "मुंबईचं."

"मग हंड्याचं," ती म्हणाली, आणि तिनें पुढची पेंढी उचलली.